पिंगळेकाकांचं थांबणं

पिंगळेकाकांचा नंबर लागला, की ते मागे वळून बघत. मागच्या माणसाच्या तोंडावर जरा जरी घाई दिसली, तर बाजूला सरकत आणि म्हणत, "तुम्ही व्हा पुढे. अपन को जल्दी नहीं है." मागचा माणूस मराठी असो, सिंधी असो की एखाद्या खेड्यातून आलेला मालवी म्हातारा असो, वाक्य हेच. अर्धं मराठी, अर्धं हिंदी. आम्हा इंदूरच्या मराठी लोकांच्या बोलण्याचा हा नमुनाच म्हणायचा.

आमच्या आत्याचं पुण्याचं तिकीट काढायला आईने त्यांना एकदा स्टेशनवर पाठवलं होतं. स्नेहलतागंजातून स्टेशन काही लांब नाही. काका सकाळी आठला गेले ते दुपारी दोनला परत आले. खिडकीपाशी पोचल्यावर त्यांनी आधी एका फौजीला पुढे जाऊ दिलं होतं, मग कडेवर मूल असलेल्या एका बाईला, मग परीक्षेला निघालेल्या दोघांना, आणि मग एका अशा माणसाला, ज्याला कसलीच घाई नव्हती, "पण त्याचा चेहराच तसा होता."

"आणि तिकीट?" आईने विचारलं.

"मिळालं न," काका समाधानाने म्हणाले. "वेटिंग मिळालं. चौदावा नंबर."

तरीही आमची सगळी गल्ली रांगेची कामं त्यांनाच सांगायची. त्याला कारण होतं. दुसरं कोणी रांगेत जाऊन आलं, की घरी येऊन पुढचे दोन दिवस सरकारला, खिडकीतल्या बाबूला आणि ज्याने पाठवलं त्याला शिव्या घालत बसायचं. काका जसे गेले तसेच ताजेतवाने परत यायचे. वर रांगेतल्या दोन-चार गोष्टी सांगायचे. लांब मान, सडपातळ अंग, पांढरा बुशशर्ट; थोडा वेळ एका पायावर भार, मग दुसऱ्या पायावर. रांगेत उभे राहिले, की तळ्याकाठच्या बगळ्यासारखे दिसत.

यामागे त्यांचं एक तत्त्व होतं आणि ते त्यांनी मला मी शाळेत असल्यापासून इतक्यांदा ऐकवलं होतं, की आजही मी ते झोपेत म्हणून दाखवीन. "प्रत्येकाचं एक बळ असतं, सुहास. लोक काय करतात, जे येत नाही त्याच्या मागे जन्मभर धावतात. अरे, आपल्याला काय येतं ते बघायचं आणि त्याच्यावर सगळं उभं करायचं. नोकरी, घर, लग्न, सगळं."

"तुमचं बळ काय, काका?"

"मला थांबता येतं," ते म्हणायचे. मला सतार येते, असं एखाद्याने सांगावं तशा आवाजात.

हे बळ त्यांना सापडलं चौथीत. गुरुजींनी त्यांना वर्गाबाहेर उभं केलं आणि विसरून गेले. शाळा सुटली, शिपाई कुलूप लावायला आला, तेव्हा काका तिथेच होते. शिपायाला वाटलं मुलगा रडत असेल. मुलगा लिंबाच्या झाडावर चढणाऱ्या मुंग्या बघत होता. "त्या दिवशी मला कळलं," काका सांगत, "बाकीच्या पोरांना ही शिक्षा वाटते. मला मजा आली. म्हणजे हे काहीतरी आपल्याकडे जास्तीचं आहे."

पुढे एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर ते चिकटले. कागद येतात, थांबतात, जातात. त्यांच्या मते ती जागा त्यांच्यासाठीच बनवलेली होती. आठ-दहा वर्षांनी साहेबांनी त्यांना बढती देऊ केली. गावोगाव फिरून तपासणी करण्याचं काम, जीप, मान. काकांनी हात जोडले.

"साहेब, मला धावपळ येत नाही. तुमच्याकडचा एक चांगला थांबणारा जाईल आणि एक वाईट धावणारा येईल. तुमचाच तोटा."

साहेब म्हणाले म्हणे, "पिंगळेजी, चाळीस साल की उमर में मैंने पहला आदमी देखा, जिसको पता है कि उसको क्या नहीं आता." ही शाबासकी होती की टोमणा, यावर काका कधी विचार करत बसले नाहीत. टेबल शाबूत राहिलं, एवढं त्यांना पुरलं.

त्यांच्या लग्नाची गोष्ट मात्र मी पिंगळेकाकूंकडून ऐकली आहे, त्यामुळे ती ऐकायला मला तीन दुपारी लागल्या. काकू अडखळत बोलत. एखादा शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच अडून बसायचा. सुमन नाव सांगायचं तरी त्या दोन-तीनदा श्वास घेत. देवासला त्यांच्या माहेरी आधी पाच-सहा मुलं बघून गेली होती. काका आपल्या मामांबरोबर आले. काकूंनी पोह्यांच्या बश्या आणल्या, वर सेव, जीरावण मसाला, सगळं रीतसर. बश्या ठेवल्या आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"पो... पो..."

"पोहे तिनेच केलेत," त्यांच्या आई म्हणाल्या.

काकूंनी मान हलवली आणि पुन्हा सुरुवात केली. "पो..."

"पोटभर खा म्हणते आहे," भाऊ म्हणाला.

पुन्हा नकार, पुन्हा सुरुवात. "लाजते आहे," काकांचे मामा समजूतदारपणे म्हणाले आणि खायला लागले. काकांनी चमचा बशीत तसाच ठेवला. ते काकूंकडे बघत म्हणाले, "तुम्ही बोला. अपन को जल्दी नहीं है."

बराच वेळ गेला म्हणे. भाऊ चुळबुळायला लागला. शेवटी काकूंचं वाक्य पूर्ण झालं: "पोह्यांत मीठ दोनदा पडलंय."

तोवर मामांनी अर्धी बशी संपवली होती आणि ते तिसरा पेला पाणी पीत होते. सभ्य गृहस्थ असल्यामुळे काही बोलले नव्हते.

परतीच्या बसमध्ये मामा म्हणाले, "मुलगी चांगली आहे रे मनोहर, पण बोलायला फार वेळ लावते."

काका म्हणाले, "मामा, मग माझ्यासारखा नवरा तिला कुठे मिळणार? आणि माझं बळ मी दुसऱ्या कुठल्या घरी नेऊन वापरू?"

दोघांना मूलबाळ झालं नाही. घरात दोनच माणसं, त्यातलं एक कमी बोलणारं आणि दुसरं त्या बोलण्याची वाट बघणारं, त्यामुळे त्यांच्या घरातून आवाज असा येतच नसे. पण एका संध्याकाळी शेजारची मुलगी त्यांच्या ओट्यावर बसून गणित घालत होती, काकू समोर भाजी निवडत होत्या, आणि त्यांनी वहीकडे उलट्या बाजूने बघून नुसतं बोट ठेवलं. चूक नेमकी तिथेच होती. काकांनी ते पाहिलं.

"सुमन, तू गणित शिकव."

"मी? बो... बोलायचं कसं?"

"गणितात बोलायचं कमीच असतं. लिहायचं जास्त."

काकू आठवडाभर नाही म्हणत राहिल्या आणि काका आठवडाभर थांबले. मग त्यांच्या मागच्या व्हरांड्यात फळा आला आणि तो तिथे वीस-बावीस वर्षं राहिला. मीही त्या फळ्यासमोर बसलो आहे. काकू म्हणायच्या, "आता दोन्ही बाजूंना..." आणि शब्द अडायचा. त्या शांततेत आम्ही आठ-दहा मुलं जीव मुठीत धरून विचार करायचो, की दोन्ही बाजूंना काय? आणि काकूंचा शब्द सुटायच्या आत कोणाच्या तरी डोक्यात उत्तर सुटलेलं असायचं. इतर शिकवण्यांमध्ये सर भराभर उत्तर सांगून टाकत. काकूंकडच्या मुलांना ते स्वतःच काढावं लागे. गल्लीतली निम्मी मुलं त्यामुळे इंजिनिअर झाली.

मी झालो नाही. बारावीचं गणित काकूंनी मला पार करून दिलं, पण इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत मी दोनदा आपटलो. बाबा बँकेत अधिकारी होते आणि त्यांनी मला तिसऱ्यांदा कोचिंगला घालायचं ठरवलं होतं. त्या संध्याकाळी काका आमच्याकडे आले. बाबांचा राग ऐन भरात होता. काका खुर्चीत बसले, पाय जुळवले, हात मांडीवर ठेवले आणि बाबांचा राग संपण्याची वाट बघू लागले. पाऊण तास लागला. मधे आईने दोनदा चहा आणला. शेवटी बाबा स्वतःच दमले आणि म्हणाले, "तुम्हीच सांगा पिंगळे, काय करू याचं?"

"परवा मी याला दाखल्याच्या रांगेत बरोबर नेला होता," काका म्हणाले. "तासाभरात याने पुढच्या-मागच्या सोळा माणसांची नावं, गावं, दुखणी, सगळं काढून घेतलं. दोघांची आपसात सोयरीक निघाली, ती याने जुळवून दिली. खिडकीतला बाबू कामं सोडून याच्याशी बोलायला बाहेर आला. आणि याला तुम्ही मशीनपुढे नेऊन बसवणार?"

"बडबड करतो तो. ते काय बळ आहे?"

"माझं नुसतं थांबणं चालून राहिलं आहे न वीस वर्षं? मग याची बडबड का नाही चालणार?"

बाबांना हसू आलं. ते दाबायचा त्यांनी प्रयत्न केला आणि मला आत जायला सांगितलं. त्या हसण्यावर माझं आयुष्य बदललं. मी बी. एस्सी. केलं, औषध कंपनीचा प्रतिनिधी झालो, दवाखान्या-दवाखान्यांत बोलत फिरलो आणि बोलत बोलतच अर्ध्या मध्य प्रदेशाचा मॅनेजर झालो. माझं लग्न झालं, गार्गी झाली, ती मोठी होऊन पुण्याला नोकरीला गेली. आम्ही त्याच गल्लीत राहिलो, पिंगळेकाका समोर.

आणि मग रांगा संपायला लागल्या.

काका निवृत्त झाले होते, म्हणजे त्यांच्या हिशेबाने आता कुठे त्यांना मनासारखं उभं राहता येणार होतं. पण एक दिवस ते गॅसचा नंबर लावायला निघाले, तेव्हा माझी बायको वैशाली म्हणाली, "काका, तुमचा गॅस मी मोबाइलवर बुक करून दिला आहे. आता जायची गरज नाही."

"मग तिथे उभं कोण राहतं?"

"कोणीच नाही."

काका जरा विचारात पडले. "मग ते सगळे लोक गेले कुठे?"

पुढच्या दोन-तीन वर्षांत तिकिटं, दाखले, दवाखान्याचे नंबर, सगळं मोबाइलमध्ये गेलं. रोज सकाळी गल्लीत कचऱ्याची गाडी येई, तेव्हा काका दहा मिनिटं आधीच दोन्ही डबे घेऊन फाटकाशी उभे असत. तेवढंच.

पण ज्याला आपलं बळ ठाऊक आहे, तो काहीतरी वाट काढतोच. एकदा माझा नेटचा डबा बंद पडला म्हणून मी कंपनीला फोन लावला. पलीकडून संगीत सुरू झालं आणि 'कृपया प्रतीक्षा कीजिए' म्हणून एक बाई सांगू लागली. चार मिनिटांत मी फोन आपटणार होतो. काका सोफ्यावर बसले होते. म्हणाले, "दे इकडे."

फोन स्पीकरवर ठेवून ते पस्तीस मिनिटं बसले. पेपर वाचला, वैशालीला लसूण सोलून दिला. शेवटी एक खरी मुलगी बोलायला आली. तिने घाईघाईने असुविधेबद्दल क्षमा मागितली. काका म्हणाले, "आराम से बेटा. सुबह से बोल रही होगी. पहले पानी पी लो, अपन को जल्दी नहीं है."

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटतं ती खरंच पाणी प्यायली. माझा डबा त्या दिवशी संध्याकाळीच दुरुस्त झाला. ही गोष्ट पसरली आणि गल्लीतले लोक आपापले फोन लावून काकांकडे आणून द्यायला लागले. त्यांच्या ओट्यावर कधी कधी तीन फोन एकाच वेळी तीन वेगवेगळी गाणी वाजवत पडलेले असत आणि काकू आतून हसत असत. काकूंच्या हसण्याला कधीच अडखळ नव्हती.

त्या मोठ्या साथीच्या वर्षी काकू गेल्या. ताप आला, श्वास लागला, गाडी येऊन त्यांना इस्पितळात घेऊन गेली आणि तिसऱ्या दिवशी फोन आला. आम्ही सगळे आपापल्या गॅलरीत उभे राहून समोर बघत होतो. कोणाकडे जायची सोय नव्हती. काका एकदा दार उघडून ओट्यावर आले, आमच्याकडे बघून हात जोडले आणि आत गेले. वैशाली डबा फाटकावर अडकवून यायची आणि तो रिकामा, धुऊन परत यायचा.

साथ सरली. दारं उघडली. काही महिन्यांनी आमच्या लक्षात आलं, की काका रोज सकाळी नऊला घराबाहेर पडतात आणि संध्याकाळी पाचला परततात. हातात कापडी पिशवी. वैशालीला वाटे, लालबागेत जाऊन बसत असतील. गल्लीतले जैन म्हणत, कुठेतरी दुसरी नोकरी धरली आहे. मी सरळ विचारलं, तर म्हणाले, "जरा बसून येतो." मी पुढे विचारलं नाही. मला वाटलं, घर खायला उठत असेल.

मागच्या वर्षी वैशालीच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागणार होतं आणि गाठ कसली आहे, ते आत गेल्यावरच कळणार होतं. गार्गी संध्याकाळच्या विमानाने येणार होती. सकाळी अकराला वैशालीला आत नेलं. डॉक्टर म्हणाले होते, दोन तास.

मी आयुष्यभर इस्पितळांत जात आलो आहे, पण ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या त्या बाकावर कधी बसलो नव्हतो. पहिला तास मी बोलण्यात काढला. सुरक्षारक्षकाला त्याचं गाव विचारलं. शेजारच्या माणसाला विचारलं, कोणाला आणलंय. एक वाजला. दीड वाजला. रक्षकाला मी पुन्हा गाव विचारलं. तो म्हणाला, "सर, आपने अभी तो पूछा था." अडीच वाजले आणि माझ्याकडचे शब्द संपले. तसं माझं आधी कधी झाल्याचं मला आठवत नाही. हात थंड, आणि समोर ते बंद दार.

तेव्हा मला पलीकडच्या भिंतीजवळ पांढरा बुशशर्ट दिसला.

पिंगळेकाका एका म्हाताऱ्या बाईशेजारी बसले होते. बाई गौतमपुऱ्याकडच्या एखाद्या खेड्यातली असावी. ओढणी डोक्यावरून घेतलेली, पायाशी गाठोडं. दोघंही बोलत नव्हते. मधेच बाईने त्यांना काही विचारलं, काकांनी मान हलवली, आणि पुन्हा दोघं दाराकडे बघत बसले. मी रक्षकाला विचारलं, "वो कौन हैं?"

"बाउजी? वो तो रोज आते हैं. तीन-चार साल हो गए. जिसके साथ कोई नहीं होता, उसके पास बैठ जाते हैं. इस अम्मा का लड़का अंदर है, पैर ट्रैक्टर की ट्रॉली के नीचे आ गया था."

काकांची नजर माझ्याकडे गेली. ते बाईंना काहीतरी सांगून उठले, माझ्याकडे आले आणि शेजारी बसले. कोण आत आहे, काय झालं, काही विचारलं नाही. मीच म्हणालो, "वैशाली आत आहे. दोन तास सांगितले होते. साडेतीन तास झाले. काका, सगळं ठीक होईल न?"

"मला माहीत नाही," काका म्हणाले. "मी बसलो आहे."

दिवसभरात मला आलेल्या फोनांमध्ये किमान वीस जणांनी सगळं ठीक होईल म्हणून सांगितलं होतं. कोणाच्याच बोलण्याने माझे हात गरम झाले नव्हते. आता हळूहळू झाले.

बऱ्याच वेळाने मी विचारलं, "तुम्ही रोज इथे येता?"

"बाकी सगळीकडे रांगा बंद झाल्या. इथे अजून थांबावं लागतं. हे मोबाइलवर होत नाही." ते थोडं हसले. मग दाराकडे बघतच म्हणाले, "सुमनला नेलं न, तेव्हा मी गाडीच्या मागे रिक्षाने गेलो होतो. फाटकावर एक पोरगा होता, सगळा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. म्हणाला, बाबा, घर जाओ, फोन करेंगे. मी म्हटलं, मी आत येत नाही, बाहेर उभा राहतो, मला सवय आहे. तो म्हणाला, अलाऊड नाही. त्याची काही चूक नव्हती. तो पोरगाच दमलेला होता."

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

"तीन दिवस घरी बसलो. फोन समोर ठेवून. घरी बसणं वेगळं, सुहास. तिला आत काही सांगायचं असेल, तर तिथे नर्सबाईंना कुठला वेळ? कितीजण होते. तिचा शब्द यायच्या आत त्या पुढच्या खाटेकडे गेल्या असतील." काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. "मला जन्मात एकच गोष्ट येत होती. नेमकी तेव्हा ती मला करता आली नाही. मग वाटलं, आता जिथे करू देतात, तिथे करावी."

चार वाजून गेल्यावर दार उघडलं. डॉक्टरांनी मास्क खाली ओढला आणि सांगितलं, की गाठ साधी आहे, फक्त चिकटून बसली होती म्हणून वेळ लागला. मी त्यांचा हात धरून काय बोललो, मला आठवत नाही. बरंच बोललो असणार. काकांनी माझ्या पाठीवर एकदा थोपटलं आणि ते त्या अम्माशेजारी जाऊन बसले. तिच्या मुलाला अजून बाहेर आणलं नव्हतं.

वैशाली पाच दिवसांनी घरी आली. तिला मी हे सगळं सांगितलं, एकदा नाही, तीन-चारदा. पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी ती मला म्हणाली, "सुहास, आज सुट्टी आहे न तुला? गार्गी आहे माझ्याजवळ. तू जा आणि काकांजवळ बसून ये."

"पण मी तिथे काय करू?"

"काही करू नकोस."

मी गेलो. जेवणाची वेळ टळून गेली होती, बाकं बरीच रिकामी होती. काका एकटेच शेवटच्या बाकावर ताठ बसले होते. त्यांच्या शेजारी कोणी नव्हतं. मला येताना पाहून ते घाबरून उभे राहिले.

"काय झालं? कोण आत आहे?"

"कोणी नाही काका. तुमच्याकडे आलोय."

त्यांना ते नीट कळलं नाही. "माझ्याकडे? काही काम होतं?"

"काम काही नाही. बसायला आलोय."

काका बसले. मी शेजारी बसलो. समोरून एक स्ट्रेचर गेलं, मागून एक सिस्टर गेली. बोलावंसं खूप वाटत होतं. मी ते आवरलं. काही वेळाने काकांनीच विचारलं, "कधीपर्यंत आहेस?"

"संध्याकाळपर्यंत आहे."

"असं," काका म्हणाले. त्यांनी खाली वाकून सावकाश दोन्ही चपला काढल्या, बाकाखाली सारल्या, आणि घरच्या ओट्यावर बसावं तशी बाकावर मांडी घातली.